मेथीचा वाफा आणि तिरंगी मांजर : ऑक्टोबर ते जानेवारीची नोंद

१९ ऑक्टोबर
मेथी पेरून पाचवा दिवस. काल संध्याकाळी वाफ्यावर हिरवी झाक दिसायला लागली होती. आज सकाळी बघते तर मधोमध ताटलीएवढे तीन खड्डे. एका खड्ड्यावर माती छान ओढून घेतलेली, आणि त्याखाली काय आहे ते मला हात घातल्यावर कळलं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: नाशिक, घरामागे ४ बाय ८ फुटांचे तीन वाफे. एकात मेथी, एकात कोथिंबीर-मुळा, एकात पालक. गुन्हेगार म्हणजे मागच्या गॅरेजच्या पत्र्यावर राहणारी तिरंगी. तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज आहे.

२६ ऑक्टोबर
सल्ल्यांचा आठवडा. शेजारच्या काकूंनी लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवायला सांगितल्या. ठेवल्या. दुपारी तिरंगी बाटलीला पाठ टेकून झोपली होती. संत्र्याच्या साली दोन दिवसांत वाळल्या, वास गेला आणि मुंग्या लागल्या. ह्यांचं म्हणणं, तिखट टाक. नाही टाकणार. मांजर पंजे चाटतं, तिखट सगळं तोंडात आणि डोळ्यांत जातं. डांबरगोळ्यांचं तर नावच काढू नका, त्या मांजराला विषारी आहेत आणि आपण त्याच वाफ्यातली भाजी खाणार आहोत.

मी एवढी इरेला पेटले त्याला कारण आहे. लेक माहेरी आली आहे, सातवा महिना. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो आणि पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. तो विष्ठेबरोबर बाहेर पडला की लगेच लागण करत नाही, त्याला साधारण १ ते ५ दिवस लागतात. म्हणून रोज सकाळी हातमोजे घालून घाण उचलायची, हे काम माझ्याकडे. लेकीला वाफ्याजवळ फिरकू देत नाही. ती घाण कंपोस्टमध्येही टाकत नाही. कोथिंबीर तीन पाण्यांनी धुऊन घेते.

९ नोव्हेंबर
पुन्हा पेरलेली मेथी पुन्हा उकरली. आता चिडणं सोडून बघत बसले. तिन्ही वाफ्यांत ती मेथीचाच निवडते. पालकाचा वाफा मी संध्याकाळी भिजवते, मेथीचा सकाळी. म्हणजे रात्री मेथीची माती वर कोरडी, भुसभुशीत, चाळल्यासारखी. मांजराला हवी अगदी तशी. आपण बियांसाठी जी माती जीव ओतून तयार करतो, ती तिच्या दृष्टीने तयार संडासच.

मग मेथीलाही संध्याकाळी पाणी दिलं. चार दिवस एकही खड्डा नाही. पाचव्या दिवशी कोवळी रोपं बुडातून कोलमडायला लागली. रात्रभर ओल आणि थंडी, दुसरं काय होणार? पाणी पुन्हा सकाळी.

१५ नोव्हेंबर
आजची नोंद नीट वाचा, कारण यात चूक माझी आहे. खुरपताना उपटलेलं तण मी वाफ्याच्या कडेलाच टाकते. आज तिरंगी येऊन थेट त्या ढिगावर लोळायला लागली. गाल घासतेय, लाळ गाळतेय, शुद्ध हरपल्यासारखी. ढीग उलगडून पाहिला तर निम्मी खोकली! कुप्पी म्हणतात ना, तीच. हिच्या मुळाचा मांजरांना नाद असतो. मल्याळीत तर हिला पूच्चमयक्की म्हणतात, म्हणजे मांजराला भुलवणारी. उभ्या झाडाकडे ती ढुंकून बघत नव्हती, मूळ उघडं पडलं की मात्र संपलंच. महिनाभर मी खुरपत होते, तुटकी मुळं वाफ्यात ठेवत होते आणि वर तिलाच शिव्या देत होते.

२३ नोव्हेंबर
मुळं वेचून काढली. तिसऱ्यांदा पेरणी, आणि या वेळी वाफ्यावर कोंबडीजाळी आडवी अंथरली. कडेला बाइंडिंग तारेचे आकडे करून ठोकले, जाळीची टोकं खाली वळवली. मेथी भोकांतून आरामात वर येते. पंजाला मात्र माती ओढता येत नाही. पालकाच्या वाफ्यात वीतभर अंतरावर कामट्या खोचल्या, मोकळ्या कडेला बोगनवेलीच्या छाटलेल्या काटेरी फांद्या. आजोळी शेताला बोराटीचं काटेरी कुंपण लावायचे, त्याचीच ही शहरी धाकटी बहीण.

एक अडचण आधीच सांगते: जाळीतून मेथी मुळासकट उपटता येत नाही, पानं फाटतात. कात्रीने कापावी लागते.

७ डिसेंबर
वाफे बंद केले तर ती जाणार कुठे? कुंड्यांत गेली. मग सीताफळाखाली, भिंतीच्या आडोशाला, फुटका टब ठेवला. तळाला भोकं आहेतच, वर वीतभर बांधकामाची वाळू. पहिल्या दिवशी वाफ्यातली थोडी घाण झालेली माती त्यात मिसळली, म्हणजे वासाने जागा कळावी. शेजारी खोकलीचं एक ताजं उपटलेलं रोप. दोन दिवस नुसतं हुंगून गेली. तिसऱ्या दिवशी टबात खड्डा! त्या सकाळी मला मेथी उगवल्याइतका आनंद झाला.

५ जानेवारी
तीन आठवड्यांत वाफ्यांत एकूण दोन खड्डे, दोन्ही कोथिंबिरीत, जाळी कमी पडली तिथे. मेथीची पहिली कापणी झाली, दोन जुड्या. टब रोज साफ करते, एक दिवस चुकला की ती कुंड्यांकडे वळते.

आज वाळूत दोन मापांचे पंजे आहेत. मोठे बहुतेक कान फाटलेल्या बोक्याचे. पशुवैद्यांकडे तिरंगीच्या नसबंदीचं विचारून आले, पुढच्या आठवड्यात घेऊन या म्हणाले. तोवर दुसऱ्या टबासाठी वाळू आणायची आहे.