समुद्रकाकडीची साखर

आज डायलिसिस युनिटमध्ये एका काकूंनी रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाबद्दल विचारलं, "हे हेपॅरिन येतं कुठून?" डुकराच्या आतड्यातून, म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला. मग त्यांना समुद्रकाकडीबद्दल, म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या काकडीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याबद्दल सांगत बसले. तिच्या शरीराच्या जाड भिंतीत कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या साखरेच्या रेणूंची लांब साखळी असते आणि त्या साखळीला फ्युकोज साखरेच्या फांद्या. रक्त गोठणं थांबवण्याची ताकद या सल्फेटवाल्या फांद्यांमध्ये. त्या काढल्या की ती जवळजवळ जातेच! प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत हेपॅरिनपेक्षा रक्तस्राव कमी दिसलाय, पण औषध म्हणून यायला वेळ आहे.

मला काळजी वाटते ती त्या प्राण्याची. भारतात २००१ पासून तो संरक्षित आहे, तरी मन्नारच्या आखातात चोरून पकडतातच. अशा छोट्या साखळ्या प्रयोगशाळेत बनवण्याचं काम सुरू आहे. ते लवकर जमावं.