तोच कुंदा, नवा डबा

बँड फुटला, थकला किंवा नुसता नवीन अल्बमला वेळ लावायला लागला की कंपनी जुनी हिट गाणी गोळा करून 'बेस्ट ऑफ' काढणार म्हणजे काढणारच. क्वीन ह्या इंग्लिश रॉक बँडचंच बघा की, 1981 ला ग्रेटेस्ट हिट्स, 1991 ला दुसरा भाग, 1999 ला तिसरा, आणि 2000 मध्ये तिन्ही एकत्र बांधून प्लॅटिनम कलेक्शन! आमच्या बेळगावच्या कुंद्याच्या मिठाईसारखं, कुंदा तोच, डबा तेवढा दिवाळीचा.

पिंक फ्लॉइड बँडची तर भारीच गंमत. 1981 च्या कलेक्शनसाठी जुनी कंपनी 'मनी' गाणं देईना, मग त्यांच्या गिटारवाल्या गिलमोरनं बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवून ते परत रेकॉर्ड केलं. आणि अल्बमचं नाव काय, तर 'अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्स'. फ्लॉइडच्या संथ गाण्यांवर नाचणारा माणूस मी अजून बघितलेला नाही, अगदी गणपतीच्या मिरवणुकीत पण नाही.

ईगल्स बँडचं ग्रेटेस्ट हिट्स फेब्रुवारी 1976 चं, आणि हॉटेल कॅलिफोर्निया आलं त्याच वर्षी डिसेंबरात, म्हणजे गिटार हातात घेतलेला प्रत्येक पोरगा जे वाजवतो तेच गाणं त्यात नाही. तरी 2018 ला अमेरिकेत 3 कोटी 80 लाख प्रतींचं सर्टिफिकेट!

पक्के रॉकवाले ह्या कलेक्शनना नाक मुरडतात. मुरडू देत. कॅसेटच्या काळात आमच्या बेळगावात कुठल्या बँडचे सगळे अल्बम मिळायचे हो? कॅम्पात नाहीतर खडे बाजारात जे हाताला लागेल ते, आणि ते बहुतेक बेस्ट ऑफच. नाहीतर दुकानदाराला चिठ्ठीवर गाणी लिहून द्यायची, तो विचारणार कॅसेट साठ मिनिटांची का नव्वदची, आणि साईड संपली की शेवटचं गाणं मधेच कापलेलं. म्हणजे कंपनी करते तेच आम्ही पण करत होतो की, फक्त कव्हर नव्हतं.

आता फोनवर सगळे अल्बम आहेत, तरी सवय कुठं जातेय. क्वीनचंच बोहेमियन रॅप्सडी 1975 चं आणि अनदर वन बाइट्स द डस्ट 1980 चं, पण कलेक्शनमध्ये एकाला लागून दुसरं, त्यामुळं मूळ अल्बम लावला की रॅप्सडी संपल्यावर माझा पाय त्या दुसऱ्या गाण्याच्या बेस गिटारची वाट बघत असतो आणि तिथं वाजतं काय, तर ब्रिटनचं राष्ट्रगीत.