शतपावली तेवढी टिकली

जानेवारी आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर २१ दिवसांचं चॅलेंज येतंच, साखर बंद, भात बंद, पहाटे ५ ला उठा, आणि संक्रांतीला तिळगूळ हातात पडला की सगळं बारगळतं. मुळात २१ दिवसांत सवय लागते हे गणितच काही खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, २०१० मध्ये छापून आला, त्यात सवय अंगवळणी पडायचा मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण कुणाला १८ तर कुणाला थेट २५४ दिवस! आणि मधे एखादा खाडा झाला तर फारसं बिघडत नाही हेही दिसलं, मला तर हेच जास्त आवडलं.

आमच्याकडे टिकली ती फक्त शतपावली. कारण ती जेवणाला चिकटलीये, वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही, ताटं उचलली की चप्पल घालायची. जेवल्यावर चाललं की रक्तातली साखर कमी उसळते, आणि फोन घरी ठेवला तर नवराबायकोचं बोलणं पण होतं (भांडणही होतं, असो). जिमची वर्षभराची फी एकदम भरणाऱ्यांना माझा नमस्कार. डब्ल्यूएचओ आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तेवढा तर भरभर चालूनही होतो, म्हणून आता मंडईत जायला गाडी काढत नाही.