फेसाची वही, पान ४: मीठ फेस करत नाही, पण...

मागच्या पानावरचे, पाण्यात मीठ घालून बुडबुडे बघण्याच्या प्रयोगाचे आकडे आधी खोडून टाका. मोजमापाचा सिलिंडर भांड्यांच्या लिक्विडने धुतला होता आणि काठाला राहिलेल्या अंशामुळे साध्या पाण्यानेही फेस धरला. चूक माझीच. या वेळी गरम पाण्याने दहादा विसळला, डिस्टिल्ड पाणी भरून जोरात हलवला. बुडबुडे वर आले आणि लगेच फुटले, तेव्हा कुठे विश्वास बसला.

मांडणी तीच: ५०० मिलीचा सिलिंडर, तळाशी फिश टँकचा एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड), पंप मंद. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात दगडातून निघालेले बारीक बुडबुडे बोटभर वर जायच्या आतच एकमेकांत मिसळून चार-पाच मिलिमीटरचे होतात. पाणी आरपार दिसतं. लिटरला २ ग्रॅम मीठ घातलं, फारसा फरक नाही. ४ ग्रॅमला जरा धूसर. ६ च्या आसपास, म्हणजे साधारण ०.१ मोलरला (मोलर म्हणजे लिटरमागे किती मोल, रेणूंच्या संख्येचं माप), चित्र पालटायला लागलं. १० ग्रॅमला सिलिंडर दुधाळ, मागे धरलेला छापील कागद वाचता येईना. (मीठ शुद्धच घ्या. खायच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे मिसळतात, त्यानेही पाणी गढूळ होतं आणि आपण फसतो.)

पंप बंद केला की थोड्याच वेळात सगळं स्वच्छ, वर थर म्हणून काही उरत नाही. म्हणजे मीठ फेस करत नाही, बुडबुड्यांना फक्त एकत्र येऊ देत नाही. गंमत अशी की साबण पृष्ठताण (पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण) कमी करतो, मीठ तर तो किंचित वाढवतं. ताण कमी झाला की बुडबुडे टिकतात, हे नेहमीचं स्पष्टीकरण इथे लंगडं पडतं.

त्याहून विचित्र सोडियम ॲसिटेट. ०.२ मोलर केलं, म्हणजे मिठाने चित्र पालटायला लागलं त्याच्या दुप्पट, तरी बुडबुडे तसेच ढोबळ! सोडियम तेच, फक्त क्लोराइडच्या जागी ॲसिटेट आलं. १९९३ मध्ये क्रेग, निनहॅम आणि पॅशले या संशोधकांनी हेच मांडलं होतं: धन आणि ऋण आयनांचे (विद्युतभारित कणांचे) दोन-दोन गट पाडले, तर काही जोड्या बुडबुडे जुळू देत नाहीत आणि काही जोड्यांना काहीच जमत नाही. असं का, यावर आजही एकमत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, म्हणून खाऱ्या टँकमधला स्किमर (बारीक बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात वर काढणारं यंत्र) झकास चालतो आणि गोड्या पाण्यात तोच हात टेकतो.

साबणाचं गणित निराळं. साबणाच्या पाण्यात कॅल्शियम क्लोराइडचे थेंब टाकले की फेस बसतो आणि पांढरा चोथा तरंगतो. ‘दुष्फेन’ पाणी (साबणाचा फेस सहज न होणारं) हा शब्द कुणी घडवला त्याला सलाम. सोडियम लॉरिल सल्फेटच्या (शाम्पूतल्या फेस करणाऱ्या रसायनाच्या) अगदी पातळ द्रावणात मात्र साधं मीठ टाकल्यावर फेस वाढला. रेणूंच्या भारित डोक्यांमधली ढकलाढकली मिठाने कमी होते, ते पृष्ठभागावर दाटीने बसतात. मायसेल (या रेणूंचे पाण्यात जमणारे गोळे) जमायला शुद्ध पाण्यात सुमारे ८ मिलिमोलर लागतं, ०.१ मोलर मिठात दीडच्या आसपास भागतं.

पुढच्या पानासाठी मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅमच्या हिशेबाने मोजून ठेवलंय. ते मिठाहून बरंच कमी लागतं म्हणतात. सिलिंडर या खेपेला लिक्विडच्या बाटलीपासून लांब ठेवला आहे.