मंगळवार ते शनिवार साल्वादोर: चार रात्रींचं प्लॅनिंग करताना काय काय झालं

नवऱ्याला ऑफिसने तीन महिन्यांसाठी साओ पावलोला पाठवलं आणि मी ठरवलं की दोन आठवड्यांची रजा टाकून आपणही जायचंच, परत कधी कोण नेणारे ब्राझीलला. आता एवढ्या लांब जायचं म्हटल्यावर आमचा पहिला प्लॅन कसा होता बघा, रिओ, इग्वासूचा धबधबा, अमेझॉन आणि जमलं तर साल्वादोर, आणि हातात रात्री किती तर सहा, कारण बाकीचे दिवस त्याला ऑफिस. एका ट्रॅव्हल एजंटने हे सगळं बसवून पण दिलं, त्यात चार विमानं आणि पहाटे साडेतीनला उठणं होतं. मग मी नकाशा काढून बसले तेव्हा कळलं की हा देश भारताच्या अडीचपटीहून मोठा आहे, म्हणजे आपण सहा दिवसांत काश्मीर, कोकण, काझीरंगा करायला निघालो होतो. नवरा म्हणाला, "अगं एकच गाव धरू, नीट बघू." मी साल्वादोर धरलं. रिओ सगळेच करतात.

साल्वादोर म्हणजे बाहिया राज्याची राजधानी, 1549 ला पोर्तुगीजांनी वसवलं आणि 1763 पर्यंत अख्ख्या ब्राझीलची राजधानी तेच होतं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं हे मोठं बंदर, त्यामुळे तिथला देव, ढोल, जेवण सगळ्यात आफ्रिका आहे.

आधी व्हिसा. आपल्या पासपोर्टला तो लागतोच. ऑनलाइन फॉर्म भरून त्याची पावती प्रिंट करायची, फोटो, हॉटेल, तिकिटं, बँक स्टेटमेंट सगळं जोडायचं. माझं एकदा परत आलं कारण स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का नव्हता, नेटवरून काढलेलं चालेल असं मी आपलं स्वतःच ठरवून टाकलं होतं. बँकेत जाऊन शिक्का मारून आणेपर्यंत एक आठवडा गेला.

पण खरी धावपळ झाली ती यलो फीवरच्या लसीची, आणि हे मी मुद्दाम सविस्तर सांगतेय कारण लोक नेमकं हेच विसरतात. ब्राझीलहून भारतात परत येताना यलो फीवरचं कार्ड दाखवावं लागतं, नसेल तर इथे क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही. आणि ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या सेंटरवरच, तेही ठरावीक वारी, कारण एक कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते म्हणून माणसं जमवून देतात. मला अपॉइंटमेंट मिळाली ती निघायच्या बरोब्बर बारा दिवस आधीची. एकच चांगलं, एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

मग तिथलं बुकिंग. साओ पावलोहून साल्वादोर विमानाने अडीच तासांच्या आतबाहेर, पण लोकल साइट जिथे तिथे सीपीएफ नंबर मागतात, तो म्हणजे आपल्या पॅनसारखा प्रकार. काही ठिकाणी पासपोर्ट नंबर चालतो पण तो ऑप्शन कुठेतरी खाली लपवलेला असतो. नवऱ्याने कामासाठी सीपीएफ काढला होता म्हणून सुटलो. त्यांचं पिक्स म्हणजे आपलं यूपीआयच, नारळपाणीवालासुद्धा क्यूआर दाखवतो, पण तिथलं खातं नसेल तर अवघड, म्हणून मी कार्ड आणि थोडी कॅश असंच चालवलं. एक रेआल साधारण 16 रुपयांना पडला. (रेआलला ते हेआल म्हणतात बरं का, शब्दाच्या सुरुवातीचा र म्हणजे ह. रिओचं हिऊ होतं. हे कळेपर्यंत टॅक्सीवाल्याशी आमचा संवाद काही जमला नाही.)

वार कुठले घ्यायचे हे मात्र मी डोकं लावून ठरवलं. पेलोरिन्यो या जुन्या भागात काळ्या लोकांनी स्वतःसाठी बांधलेलं एक निळं चर्च आहे, रोझारियो दोस प्रेतोस, तिथे मंगळवारी संध्याकाळी ढोल वाजवत प्रार्थना होते. आणि शुक्रवार ओशालाचा, म्हणजे कांदोंब्ले धर्मातल्या मोठ्या देवाचा, त्या दिवशी गावातले बरेच लोक पांढरे कपडे घालतात आणि बॉनफिंच्या चर्चला गर्दी असते. म्हणून मंगळवारी दुपारी पोचायचं आणि शनिवारी सकाळी निघायचं. सप्टेंबर घेतला कारण एप्रिल ते जुलै तिथे पाऊस, आणि फेब्रुवारीच्या कार्निव्हलला हॉटेलचे दर आमच्या आवाक्याबाहेरचे.

हॉटेलवरून आमचं भांडण झालं. त्याला समुद्र पाहिजे, मला जुनं गाव. शेवटी दोन रात्री सांतो आंतोनियो, जे पेलोरिन्योला लागूनच आहे, आणि दोन रात्री समुद्रकाठचं बाहा. बॅगा हलवायचा वैताग होता पण ते योग्यच झालं, कारण रात्री जुन्या गावातल्या आडगल्ल्यांतून चालू नका असं सगळे सांगत होते, तर चर्चमधून निघून पाच मिनिटांत कॅबने रूमवर. मोबाइल हातात धरून रस्त्यात उभं राहायचं नाही, हाही नियम पाळला, फोटो कमी आलेत.

प्लॅनमधून एक गोष्ट गेली. साओ फ्रान्सिस्को चर्च, आतून सगळं सोन्याने मढवलेलं, ते फेब्रुवारी 2025 मध्ये छत कोसळून एक पर्यटक मुलगी गेली तेव्हापासून बंद होतं. मोहो दे साओ पावलो नावाचं बेटावरचं गाव मी स्वतः काढून टाकलं, बोटीने अडीच तास जायचं आणि समुद्र खवळलेला असतो म्हणे, मला अलिबागच्या बोटीत लागतं.

जेवणाची मला काळजी नव्हती, मी मासे खाते. मोकेका म्हणजे मातीच्या भांड्यात नारळाचं दूध आणि लाल पाम तेल घातलेलं माशाचं कालवण, मालवणच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. नवरा शाकाहारी, त्याच्यासाठी मी आधीच शोधून ठेवलं होतं अकाराजे. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून तळलेला मोठा वडा, रस्त्यावर पांढरा घेरदार झगा घातलेल्या बायका विकतात. आत सुकी कोळंबी भरतात म्हणून "सें कामाराँव" म्हणजे कोळंबी नको हे वाक्य पाठ करून ठेवलं, वातापा नावाचं सारण पण नको म्हणायचं कारण त्यातही कोळंबी असते. मग बाईने विचारलं "केंची?" म्हणजे गरम का. हा म्हणाला हो, गरमच दे. तिथे गरम म्हणजे तिखट. पठ्ठ्याने डोळ्यांतून पाणी काढत संपवला, आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच. आणि काजूचा रस! बोंडूचा तोच वास. काजू हे झाड ब्राझीलचंच, पोर्तुगीजांनी गोव्यात आणलं आणि नावसुद्धा तिकडचंच, काजू म्हणजे त्यांचं काजू, फक्त त्यांचा ज आपल्यासारखा दातांतला नसतो.

बाकी दिवस हातात ठेवले होते. लासेर्दाची लिफ्ट, 1873 ची, वरच्या गावातून खालच्या बंदराच्या गावात 72 मीटर उतरवते, ती आम्ही उगाच तीनदा केली. बाहाच्या दीपस्तंभापाशी मात्र सव्वापाचला पोचा, तिथे साडेपाचच्या आसपासच सूर्य जातो. ब्राझीलचा किनारा पूर्वेकडे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी सूर्य समुद्रात बुडताना दिसत नाही, पण हे गाव खाडीच्या तोंडाशी जमिनीच्या टोकावर आहे म्हणून इथे पश्चिमेला पाणी मिळतं. हे मी प्लॅनमध्ये लाल पेनने लिहिलं होतं, नवरा पहिल्या दिवशी अंघोळ करत बसला आणि चुकलं, दुसऱ्या दिवशी मी त्याला ओल्या केसांनी ओढत नेला.

शुक्रवारी पांढरा कुर्ता घालून बॉनफिंला गेलो, रेलिंगला बांधलेल्या रंगीत फिती, तीन गाठी आणि तीन इच्छा, फित आपोआप तुटेपर्यंत काढायची नाही. मुंबईला उतरल्यावर काउंटरवरच्या माणसाने यलो फीवरचं कार्ड बघितलं, मग हातातली हिरवी फित बघितली, आणि विचारलं, "कुठल्या देवळाची?"