अळणी अंडी

मेक्सिको सिटीतले चार दिवस गर्दीत आणि पोटदुखीत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मग चोलुला. तिथला पिरॅमिड कुठे आहे म्हणून मी तिघांना विचारलं, तिघांनीही समोरच्या टेकडीकडे बोट दाखवलं. गवत, झाडं, माथ्यावर पिवळं चर्च. पायथ्याची एकेक बाजू 400 मीटर भरणारी ती टेकडी म्हणजेच पिरॅमिड! स्पॅनिशांनी थेट त्याच्या डोक्यावर रेमेदियोस मातेचं चर्च बांधलंय.

याच गावात 1519 च्या ऑक्टोबरमध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसने कत्तल केली. सोबत त्लास्काला या स्थानिक राज्याचे सैनिक होते. त्लास्काला इथून जवळच, आणि माझी घरमालकीण नेमकी तिथली.

सकाळी नाश्त्याला अंडी, राजमा आणि गरम तोर्तिया. आदल्या रात्री वाचलेलं पाजळायची मला खाज. मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणालो, "म्हणजे सेन्योरा, तुमच्याच लोकांनी फितुरी केली." फितुरीला शब्द आठवेना, म्हणून सरळ 'त्राइदोरेस' म्हणून मोकळा झालो. गद्दार.

तिने तव्यावरची तोर्तिया उलटली, गॅस बारीक केला, टेबलाशी आली आणि माझ्या हातातली मिठाची बाटली काढून घेतली.

"आता खा."

अंडी अळणी होती. माझे दोन घास होईपर्यंत ती उभीच राहिली. मग म्हणाली, "आमचे लोक कित्येक वर्षं असंच जेवले." अॅझ्टेकांनी, म्हणजे मेशिकांनी, त्लास्कालाला चहूबाजूंनी वेढलं होतं, मीठ नाही की कापूस नाही. "तेव्हा मेक्सिको होता कुठे? मेशिका होते, आणि ते आमचे वैरी. मग आम्ही गद्दारी केली ती कुणाशी?"

मी गप्प. आपल्याकडे चार ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या की माणूस कुणालाही फितूर ठरवतो. मीही त्यातलाच. लहानपणी राजधानीतल्या शाळेत मुलं तिला 'मालिंचिस्ता' म्हणून चिडवायची, हे तिने सहज सांगितलं. कोर्तेसची दुभाषी मालिंचे, तिच्या नावावरून पडलेली शिवी: परक्याचं कौतुक करणारा.

खुर्चीवर माझं सारापे पडलं होतं. रंगीत पट्ट्यांची ही घोंगडी दुकानदाराने 'अस्सल मेक्सिकन' म्हणून माझ्या गळ्यात मारली होती, भाव न करता घेतली याचं दुःख अजून आहे. तिने तिची कड चिमटीत धरली. या सारापेंसाठी नाव घेतलं जातं ते उत्तरेतल्या साल्तियोचं. 1591 मध्ये स्पॅनिशांनी उत्तरेत वस्ती करायला त्लास्कालाची 400 कुटुंबं पाठवली, त्यातली काही साल्तियोला गेली. बदल्यात घोड्यावर बसायची मुभा, करमाफी. "लोकर स्पेनची, पायमाग स्पेनचा," ती म्हणाली, "आणि विणणारे हात आमचे."

तोवर तिकडे तव्यावरची तोर्तिया करपली. तीच तिने माझ्या ताटात टाकली. मिठाची बाटली मात्र ओट्यावरच राहिली, आणि मागायची माझी हिंमत झाली नाही.