अपलोड-पेटी, नोंद ७: स्कॅन झालंच नाही तेव्हा

मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की माझ्या अ‍ॅपवर अपलोड होणारी प्रत्येक फाइल आता क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसकडे तपासायला जाते. जाते हे खरं. तिकडे कोणी जागं आहे का, हे मी बघितलंच नव्हतं.

रविवारी सहज सर्व्हरवर डोकावलो तर क्लॅमडी (क्लॅमएव्हीचा सतत चालू राहून फाइली तपासणारा प्रोग्रॅम) मरून पडलेला, आणि त्यानंतर आलेल्या १९ फाइली डेटाबेसमध्ये 'स्वच्छ' म्हणून मिरवतायत! कोड उघडून बघितला: क्लॅमडीच्या उत्तरात 'फाउंड' (व्हायरस सापडला) दिसलं तर फाइल दूषित, नाहीतर स्वच्छ. कनेक्शनच लागलं नाही, म्हणून उत्तर रिकामं. रिकाम्या उत्तरात 'फाउंड' कुठून येणार? आयकारची ६८ बाइटची चाचणी फाइल (निरुपद्रवी, पण अँटिव्हायरस मुद्दाम व्हायरस म्हणून पकडतात अशी) मी दहादा टाकून बघितली होती आणि दरवेळी खूश झालो होतो. क्लॅमडी बंद करून एकदाही बघितलं नव्हतं.

तो मेला कशाने, ते कर्नलच्या लॉगमध्ये होतं: मेमरी संपली. फ्रेशक्लॅमने (क्लॅमएव्हीचे अपडेट आणणारा प्रोग्रॅम) नव्या सिग्नेचर (व्हायरस ओळखायच्या खुणा) आणल्या की क्लॅमडी जुना संच न सोडता नवा भरायला घेतो, म्हणजे स्कॅनिंग चालू राहतं. तेवढ्यापुरती मेमरी जवळपास दुप्पट लागते, आणि माझं मशीन २ जीबीचं. म्हणून 'कॉन्करंट डेटाबेस रीलोड' ही सेटिंग बंद केली. आता रीलोड होईपर्यंत स्कॅन खोळंबतात. खोळंबू देत.

मग घाईघाईत उलटं टोक गाठलं: एरर आला की फाइल दूषित समजायची आणि उडवायची. दुसऱ्याच दिवशी एका मित्राने ४० एमबीचा व्हिडिओ टाकला. माझ्या कॉन्फिगमध्ये स्ट्रीमची (क्लॅमडीकडे पाठवायच्या फाइलची) मर्यादा २५ एमबी, त्यामुळे क्लॅमडीने मर्यादा ओलांडल्याचा एरर दिला आणि माझ्या अ‍ॅपने त्याला कळवलं, 'तुमच्या फाइलमध्ये व्हायरस आहे.' बिचारा संध्याकाळभर लॅपटॉप तपासत बसला. त्याची माफी मागून झाली.

आता 'तपासता आली नाही' ही वेगळी अवस्था केली आहे. स्पष्ट 'ओके' आल्याशिवाय फाइल क्वारंटाइनमधून (वेगळ्या ठेवलेल्या जागेतून) हलत नाही आणि डाउनलोडची लिंकही तयार होत नाही. कनेक्शन नाकारलं किंवा टाइमआउट झाला तर १, ५ आणि ३० मिनिटांनी पुन्हा प्रयत्न, तोही क्वारंटाइनमधल्याच प्रतीवर; माणसाला परत अपलोड करायला लावायचं नाही. आकाराच्या एररला मात्र पुन्हा प्रयत्न नाही. शंभरदा पाठवली तरी फाइल काही लहान होणार नाही. तिथे अपलोडचीच मर्यादा स्ट्रीमच्या मर्यादेखाली आणली.

यातही एक छुपी मेख निघाली. स्कॅनची अंतर्गत मर्यादा (किती मोठ्या आकारापर्यंत किंवा किती खोलवर तपासायचं) ओलांडली गेली तर क्लॅमएव्ही मूळ सेटिंगवर सरळ 'ओके' म्हणतो. 'अलर्ट एक्सीड्स मॅक्स' चालू केलं की तो 'फाउंड' म्हणतो, पण सोबतचं नाव व्हायरसचं नसून ह्युरिस्टिक्सचं (मर्यादा ओलांडल्याचं) असतं. ते नाव ओळखून फाइल व्हायरसच्या खात्यात न टाकता 'तपासता आली नाही'मध्ये टाकावी लागते.

त्या १९ फाइली परत स्कॅन केल्या. १८ स्वच्छ निघाल्या. उरलेली पासवर्डवाली झिप आहे. तिच्या आत क्लॅमएव्हीला बघता येत नाही. ती अजून क्वारंटाइनमध्येच आहे. अशा झिप घ्यायच्याच नाहीत, की इशारा दाखवून डाउनलोड करू द्यायच्या, हे ठरत नाहीये. तुम्ही काय करता?